समुद्रात उभे राहिलेले जहाज

१/ तराजूच हलत असेल, तर वजन कसे करावे? समुद्राचा पृष्ठभाग अभ्यासणाऱ्यांपुढे हाच पेच होता. लाट मोजायला जहाज न्यावे, तर जहाजच लाटेवर डोलते. मग यंत्राने टिपलेल्या हालचालीत लाटेची किती आणि जहाजाची किती, हे निवडणे कठीण होऊन बसते.

२/ १९६० च्या सुमारास कॅलिफोर्नियातील स्क्रिप्स संस्थेत फ्रेड स्पीस आणि फ्रेड फिशर हे शास्त्रज्ञ अशाच पेचात होते. त्यांचा विषय पाण्यातून जाणारा ध्वनी. पैसा अमेरिकी नौदलाचा. शीतयुद्धात शत्रूच्या पाणबुडीची दिशा अचूक कळावी, हा त्यामागचा हेतू.

३/ वाट दाखवली एका क्षुल्लक वस्तूने. डेक पुसण्याचा लांब दांड्याचा मॉप पाण्यात तरंगताना लाटांनी फारसा खालीवर होत नाही, हे सहकारी ॲलिन व्हाइन यांनी पाहिले होते. लाटेची हालचाल पृष्ठभागाशी जोरकस असते. खोलीबरोबर ती झपाट्याने विरते. ज्याचा बहुतांश देह त्या निवांत पाण्यात आहे, त्याला वरची खळबळ थोडीच हलवते.

४/ १९६२ मध्ये 'फ्लिप' पाण्यात उतरले. लांबी १०८ मीटर. स्वतःला पुढे नेणारे इंजिन नाही. दुसऱ्या जहाजाने ओढत न्यायचे. ठरल्या जागी टाक्यांत पाणी भरले, की अर्ध्या तासाच्या आत ते उभे राही : सुमारे ९१ मीटर पाण्याखाली, १७ मीटर वर. भिंतीची जमीन होई, म्हणून आत काही ठिकाणी दोन-दोन बेसिने काटकोनात बसवलेली!

५/ १९६३ मध्ये वॉल्टर मंक यांना ते हवे झाले. दुसऱ्या महायुद्धात सैन्य किनाऱ्यावर उतरवण्यासाठी लाटांचे अंदाज बांधणारा हा शास्त्रज्ञ आता विचारत होता : अंटार्क्टिकाजवळच्या वादळात उठलेली लाट अलास्कापर्यंत पोहोचते काय? न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत सहा ठाणी मांडली गेली. हवाईच्या उत्तरेला मात्र सोयीचे बेटच नव्हते. तेथे बेटाच्या जागी उभे राहिले 'फ्लिप'.

६/ लाटा आल्या. आठवड्याहून अधिक काळ, सुमारे १०,००० किलोमीटर चालून आल्या. वादळाचा टापू ओलांडल्यावर त्यांची शक्ती वाटेत फारच थोडी घटली होती. एका गोलार्धातील वादळाची खूण दुसऱ्या गोलार्धाच्या किनाऱ्यावर वाचता येते, हे मोजमापाने सिद्ध झाले.

७/ युद्धाच्या भयातून जन्मलेले हे साधन पुढे पन्नासहून अधिक वर्षे वारा, लाटा आणि ध्वनी यांच्या अभ्यासाला उपयोगी पडले. २०२३ मध्ये ते निवृत्त झाले आणि तोडणीसाठी मेक्सिकोला नेले गेले. पण पुढच्याच वर्षी ब्रिटनच्या 'डीप' कंपनीने ते विकत घेतले आणि नूतनीकरणासाठी युरोपकडे नेले. ज्याने समुद्रात स्थिर उभे राहण्याची युक्ती साधली, ते जहाज भंगाराच्या दारातून परतले.