अडीनडीचा दुभाष्या

बेळगाव-लोंढा लोहमार्गावरील आमचे गुंजी १९५६ साली खानापूर तालुक्यासह म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेले. घरात मराठी, कचेरीत कानडी, हे आता आमच्या अंगवळणी पडले आहे. बाजारात मोडकी कानडी चालून जाते. संकटात ती पुरत नाही. मग १०८ ला फोन लावताना वा दवाखान्यात घरातले शाळकरी मूलच दुभाष्या होते. आजीच्या ‘छातीत कळ येते’ला ‘एदे नोवु’ हे शब्द त्याला सापडतीलही. परंतु डॉक्टरांनी सांगितलेले अशुभ आजीला सांगण्याचा भार त्या कोवळ्या जिवावर का टाकावा?

म्हणून गावोगावी दोघा-चौघा प्रौढांनी हे काम शिकून घ्यावे, असे आम्हांस वाटते. नाटकासारखी त्याची तालीम करावी: एकाने रुग्ण व्हावे, दुसऱ्याने डॉक्टर, तिसऱ्याने दुभाष्या. रुग्णाचे ‘मी’ दुभाष्यानेही ‘मी’ म्हणूनच सांगावे. पदरचे घालू नये, कटू म्हणून गाळू नये. न समजल्यास पुन्हा विचारावे. ऐकलेले चव्हाट्यावर नेऊ नये.

कानडी नीट शिकल्याने आमची मराठी उणावत नाही. उलट मराठी माणसाचे दुखणे वेळेवर कळते.