मारव्याची तबकडी

उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही भावंडे वाईला मामांकडे जात असू. सकाळी कृष्णेत डुंबावे, दुपारी आढीतले आंबे हुडकावेत आणि दिवेलागणीला ओसरीवर परवचा म्हणावा, असा तेथील क्रम असे. १९६७ सालच्या सुट्टीत मात्र या क्रमात खंड पडला. मामांनी विजेवर चालणारा रेकॉर्ड-प्लेअर आणला होता, आणि तिन्हीसांजेला तो लागला म्हणजे घरात कोणी मोठ्याने बोलावयाचे नाही, असा नवा नियम झाला होता.

मामा शाळेत गणित शिकवीत. गाण्याचे त्यांना वेड होते. पूर्वी त्यांच्याकडे चावीचा ग्रामोफोन होता, आणि त्याच्यावर आम्हा मुलांचे फार प्रेम. त्या जुन्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे चाले. तेवढ्यात आलाप, चीज, ताना असे सगळे उरकून गवई मोकळा होई. गौहरजानबाई तर गाणे संपताच स्वतःचे नाव इंग्रजीत सांगत, आणि आम्ही त्यांची नक्कल करीत घरभर नाचत असू. या छोट्या तबकड्यांना मी आजही कमी लेखीत नाही. १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर पृथ्वीवरील निवडक संगीत अंतराळात पाठविले, त्यात केसरबाई केरकरांची भैरवी आहे; तीही साडेतीन मिनिटांचीच.

नव्या यंत्रावर लागणारी तबकडी निराळी होती. अशा लाँग-प्ले तबकड्या १९४८ साली अमेरिकेत प्रथम निघाल्या, आणि त्यांची एकेक बाजू वीस मिनिटांहून अधिक चाले. मामांकडे होती ती उस्ताद अमीर खाँ यांची, १९६० साली निघालेली. एका बाजूस राग मारवा आणि दुसऱ्या बाजूस दरबारी कानडा. म्हणजे पूर्वी ज्या जागेत पाच-सहा गाणी मावली असती, तेवढी जागा एकटा मारवा अडवून बसलेला!

खरे सांगावयाचे तर मला त्या तबकडीचा मनस्वी राग येई. खाँसाहेबांचा आवाज खोल आणि शांत. झुमरा ताल चौदा मात्रांचा. त्याची लय इतकी संथ की दोन मात्रांच्या मध्ये मला अंगणात फेरी मारून यावेसे वाटे. गवई एखाद्या सुरावर येई, थांबे, मागे फिरे, पुन्हा तेथेच येई. मामा डोळे मिटून भिंतीला टेकलेले असत. शेवटी द्रुत लयीतील चीज सुरू होई, ताना धावू लागत, आणि मी सावरून बसतो न बसतो तोच बाजू संपे.

एके दिवशी मामा बाहेर गेले होते. मी मनाशी म्हटले, ही नुसती वाट पाहण्याची कटकट हवी कशाला? सरळ शेवटचा भागच ऐकावा. मी तबकडी लावली आणि फिरत्या तबकडीवरून सुईचा दांडा उचलून आतल्या बाजूस नेऊ लागलो. हात कापला. ‘खर्र’ असा आवाज झाला आणि काळ्याभोर तबकडीवर एक पांढरी रेघ उमटली.

त्या संध्याकाळी मी मागच्या दारी लपून बसलो. तबकडी सुरू झाली. बराच वेळ काही झाले नाही. मला वाटले, निभावले. इतक्यात ‘टक्’ असा आवाज आला. मग पुन्हा ‘टक्’. ती तबकडी मिनिटाला तेहतीस आणि एक-तृतीयांश फेरे घेते; एका फेऱ्यास १.८ सेकंद लागतात. तेवढ्या अंतराने तो आवाज येतच राहिला. झुमऱ्याशी त्याचा काहीएक मेळ नव्हता. मामी पदर खोचून उभ्याच राहिल्या. मामांनी तबकडी पूर्ण होऊ दिली, यंत्र बंद केले आणि मला हाक मारली.

“काय रे, घाई होती का?” एवढेच त्यांनी विचारले.

त्यांनी मला दोन चपराका दिल्या असत्या तर बरे झाले असते. मी मान खाली घालून उभा होतो. मामांनी कोपऱ्यातली पेटी ओढली. “बैस,” म्हणाले, “हा षड्ज. याला घर समज. आता पाहा, मारवा काय करतो ते.” त्यांची बोटे कोमल ऋषभावर गेली, तेथून धैवताकडे वळली, निषादाला शिवून परतली. या रागात पंचम मुळीच नाही, आणि षड्ज असूनही गवई त्याला शक्य तितका टाळतो. मागे तंबोरा सारखा षड्ज सांगत असतो, आणि गाणारा मात्र त्याच्या अवतीभवती फिरत राहतो. मामा असेच फिरत फिरत पुन्हा कोमल ऋषभापाशी आले, तेथे थांबले, पेटीचा भाता मिटला आणि “चला, पाने वाढली असतील,” म्हणून उठून गेले.

मी तसाच बसून राहिलो. कानात तो ऋषभ लोंबकळत होता. घराचे दार समोर दिसावे आणि कोणी आत घेऊ नये, तसे काहीतरी वाटत होते. अखेरीस मला राहवेना. मी हळूच भाता उघडला आणि षड्जाची पट्टी दाबली.

स्वयंपाकघरातून मामांच्या हसण्याचा आवाज आला. “आता कळले?” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून मी त्यांच्या शेजारी बसू लागलो. पहिल्या दिवशी मी मात्रा मोजल्या आणि चुकलो. दुसऱ्या दिवशी चक्क झोप लागली. मामांनी उठविले नाही. किती दिवसांनी कोण जाणे, पण एका संध्याकाळी मी मोजावयाचे विसरून गेलो. गवई ऋषभावर थांबला की माझा श्वास थांबे, आणि तो षड्जावर आला, फार थोडा वेळ आला, तेव्हा डोळ्यांत पाणी कशाने आले ते मला सांगता येईना. नेमके त्यानंतर माझे ‘टक् टक्’ सुरू झाले. मामा माझ्याकडे पाहावयाचे नाहीत. पण मला ते प्रत्येक वेळी टोचे.

सुट्टी संपली. पुढच्या वर्षी मामांनी दुसरी प्रत घ्यावी, असे मी भीतभीत सुचविले. “ही वाजते की,” ते म्हणाले. पुढे ते गेले, तेव्हा मामींनी तबकडी माझ्या हाती दिली. पाकिटावर मामांच्या नीटस अक्षरात त्यांचे नाव होते. ओरखड्याबद्दल एक अक्षरही नव्हते.

आज तोच मारवा भ्रमणध्वनीवर स्वच्छ ऐकावयास मिळतो. मी पुष्कळदा लावतो. मात्र सूर वर चढू लागले, की माझे लक्ष गाण्यावरून उडते. तो आवाज आता येणार नाही हे ठाऊक असूनही मी त्याची वाट पाहू लागतो. आणि मग उठून कपाटातली जुनी तबकडी काढतो.