पात्याचे पाणी

मराठीत ‘बिनपाण्याने हजामत करणे’ असा एक वाक्प्रचार आहे. भर सभेत एखाद्याची निर्दयपणे खरडपट्टी काढली, की तो हटकून वापरला जातो. या वाक्प्रचारात वस्तऱ्याला दोष दिलेला नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. धार बोथट होती म्हणून यातना झाल्या, असे भाषा म्हणत नाही. पाणी नव्हते म्हणून झाल्या, असे म्हणते. याच भाषेत शस्त्राच्या पोलादालाही ‘पाणी देतात’, आणि माणसाच्या अंगचा कस पाहायचा असला तर त्याचे ‘पाणी जोखतात’. गालावरचे पाणी, पोलादातले पाणी आणि पारखीतले पाणी, असे या एका शब्दाचे तीन अर्थ दाढीच्या दुधारी पात्यात एकत्र येतात. पात्यांची तुलना ही वरवर रिकामपणाची करमणूक वाटते. पण तुलना करणे हाच ज्यांचा व्यवसाय आहे, त्यांनी तिच्याकडे थोडे थांबून पाहावे, असे तिच्यात पुष्कळ आहे.

हे पाते म्हणजे सुमारे ०.१ मिलिमीटर जाडीची पोलादी पट्टी. लांबी चार सेंटिमीटरांहून किंचित अधिक, रुंदी सव्वादोन सेंटिमीटरांच्या आसपास, दोन्ही कडांना धार आणि मधोमध खाच. तिचा जनक किंग कॅम्प जिलेट हा बाटल्यांची बुचे विकणारा अमेरिकन फिरता विक्रेता. एकदा वापरून टाकून द्यायची वस्तू शोधावी, ही कल्पना त्याला त्या बुचांच्या धंद्यात सुचली. इतके पातळ पोलाद कठीण करून त्याला धार लावता येईल, यावर जाणकारांचा विश्वास नव्हता. विल्यम निकर्सन या अभियंत्याने ते शक्य करून दाखविले. १९०३ साली जिलेटच्या कंपनीने ५१ रेझर आणि १६८ पाती विकली, असे सांगतात. १५ नोव्हेंबर १९०४ रोजी पेटंट मिळाले, आणि पुढे या पट्टीने जग व्यापले. याच जिलेटने १८९४ साली ‘द ह्यूमन ड्रिफ्ट’ नावाचे पुस्तक लिहून, स्पर्धा हेच मानवाच्या दुःखाचे मूळ असून सर्व उत्पादन लोकांच्या मालकीच्या एकाच संस्थेकडे असावे, असे प्रतिपादन केले होते. स्पर्धेचा द्वेष्टा असलेल्या या स्वप्नाळू गृहस्थाचे नाव पुढे बाजारातील स्पर्धेचेच प्रतीक व्हावे, यात काळाने केलेली थट्टा आहे.

ही थट्टा जरा बाजूस ठेवली, तर एक मोठी गोष्ट उरते. पेटंटांची मुदत सरली आणि ती मधली खाच सर्वांची झाली. कोणत्याही देशातल्या कारखान्याचे पाते कोणत्याही रेझरमध्ये बसू लागले. तुलनेला प्रथम लागते ती अशी एक समान खाच. ती नसेल तर दोन वस्तू शेजारी ठेवता येतात; ताडून पाहता येत नाहीत.

भाषाविज्ञान शिकवणाऱ्या एका मराठी गृहस्थांनी ही तुलना कित्येक वर्षे चिकाटीने केली. नोकरीच्या निमित्ताने त्यांचे आयुष्य वाराणसी, हैदराबाद आणि दिल्ली येथे गेले. त्यांच्या वहीत चार पात्यांची नोंद असे. जपानमधील सेकी हे तलवारींच्या घडणीसाठी शतकानुशतके नावाजलेले गाव; तेथील ‘फेदर’ हे एक. सेंट पीटर्सबर्गच्या कारखान्यात तयार झालेले ‘अस्त्रा’ हे दुसरे. उरलेली दोन भारतात बनलेली, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात सहज मिळणारी: ‘सेव्हन ओ’क्लॉक’ आणि ‘टोपाझ’. नियम कडक होते. रेझर एकच, साबण एकच, ब्रश एकच; प्रत्येक पाते पाच दाढ्यांपुरते; आणि पात्यांचा क्रम दर महिन्याला बदललेला. वहीत रकाने तीन: तीक्ष्णता, सौम्यपणा आणि टिकाऊपणा.

पहिल्या दोन रकान्यांतील भेद नवख्याला उमगत नाही. तीक्ष्ण पाते केस सहज कापते. पण त्वचेवरून ते किती अलगद सरकते, हा प्रश्न वेगळा. पात्याचे पोलाद सुमारे तेरा टक्के क्रोमियमचे असते. ते हजार अंशांहून अधिक तापवून झटकन थंड करतात, म्हणजे त्याला ‘पाणी देतात’. मग धार लावतात आणि धारेवर क्रोमियम, प्लॅटिनम यांसारख्या धातूंचा आणि शेवटी टेफ्लॉनचा अत्यंत पातळ थर चढवितात. तीक्ष्णता घासणीतून येते, सौम्यपणा बऱ्याच अंशी या थरातून. म्हणूनच काही पाती पहिल्या दिवशी उद्धट वाटतात आणि दुसऱ्या दिवशी वळणावर येतात. १९६२ च्या सुमारास विल्किन्सन स्वोर्ड या इंग्लिश कंपनीने न गंजणाऱ्या पोलादाची पाती बाजारात आणून प्रस्थापितांना हादरविले. त्यापूर्वीची पाती पुसून, कोरडी करून ठेवली नाहीत तर पावसाळी हवेत लवकरच तांबूस पडत.

वाराणसीत असताना या गृहस्थांच्या वहीत ‘फेदर’ पहिले होते. हैदराबादेस आल्यावर तेच पाते तिसरे ठरले. पाते तेच, गाल तोच, हातही तोच. पुष्कळ दिवसांनी उलगडा झाला, की बदलले होते ते पाणी. नव्या घरी बोअरवेलचे जड पाणी होते. अशा पाण्यातल्या क्षारांशी साबणाची गाठ पडली, की फेसाऐवजी चिकट साका तयार होतो. फेस विरळ झाला, की गालावर आधार उरत नाही, आणि अशा उघड्या गालावर सर्वांत तीक्ष्ण पाते सर्वांत आधी बोचते. इतके दिवस ते पात्यांना गुण देत होते. वस्तुतः ते गुण नळाला आणि विहिरीला मिळत होते. मग त्यांनी वहीत चौथा रकाना आखला: ‘पाणी’. एका भाषेतील कृती दुसऱ्या भाषेत नेल्यावर ती फिकी वाटली, की आपण कृतीला दोष देतो किंवा अनुवादकाला. तिसरी शक्यता पाण्याची असते, आणि तिच्यासाठी आपल्या वहीत सहसा रकाना नसतो.

या नोंदींना खरा अर्थ आला तो मात्र त्यांच्या वडिलांच्या आजारपणात. अर्धांगवायूने वडिलांची वाचा आणि उजवा हात गेला. नित्यनेमाने सकाळी दाढी करणारा माणूस. वाढलेले खुंट त्यांना आजारापेक्षा अधिक लाजवीत असत. मुलाने रेझर हाती घेतला आणि आपल्या क्रमवारीतील पहिले पाते लावले. सत्तरीपलीकडच्या गालाची कातडी कागदासारखी पातळ आणि सैल होती. पाते जबड्यापाशी आले आणि वडिलांनी डोळे घट्ट मिटले. शब्दावाचून दिलेला तो अभिप्राय वहीतल्या कोणत्याही गुणांकापेक्षा स्पष्ट होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी वडिलांच्याच डबीतले पाते घेतले. ते साधे ‘टोपाझ’ होते. वडिलांनी ते आयुष्यभर वापरले होते आणि त्याची कशाशी तुलना करण्याची गरज त्यांना कधी वाटली नव्हती. ऊन पाण्याचा पंचा दोन-तीन मिनिटे गालावर ठेवला, फेस दोनदा लावला, आणि डाव्या हाताने कातडी हलकेच ताणून पाते फिरवले. या वेळी डोळे उघडे राहिले. पुढले सात महिने ही दाढी एक दिवस चुकली नाही. त्या सात महिन्यांच्या पानांवर एकही गुणांक नाही. फक्त तारखा आहेत.

ऊन पाण्याचा तो उपाय केवळ आजीबाईचा नव्हे. केस पाणी शोषून घेतो, फुगतो, मऊ होतो आणि कापायला पुष्कळ कमी जोर लागतो. तरीही मऊ केस कठीण पोलादाला हरवितो, हे कोडे उरतेच. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील रोशोली, ताहेरी-मुसावी आणि तासान या संशोधकांनी २०२० साली ‘सायन्स’ या नियतकालिकात त्याचे उत्तर मांडले. पोलाद केसापेक्षा सुमारे पन्नासपट कठीण असूनही पात्याची धार केवळ हळूहळू झिजत नाही. तिचे सूक्ष्म टवके उडतात. केस तिरका वाकला, धार केसाच्या कडेशी आली आणि नेमक्या त्या जागी पोलादाची अंतर्रचना एकजिनसी नसली, म्हणजे टवका उडतो. दोष एकट्या केसाचा नाही आणि एकट्या पोलादाचाही नाही. दोघांची गाठ कोणत्या कोनात पडली, यावर निकाल ठरतो.

हा व्यवहार भारतीय भाषांत जुना आहे. संस्कृतातील ‘क्षुर’ बंगालीत आजही वस्तऱ्याच्या अर्थाने नांदतो. ‘क्षौर’ कन्नड, तेलुगू आणि मल्याळमने ठेवला, तमिळने त्याचे ‘सवरम्’ केले. मराठी ‘वस्तरा’ आणि हिंदी ‘उस्तरा’ फारसीतून आले. ‘हजामत’ ज्या अरबी शब्दकुळातली, त्यात तुंबडी लावून रक्त काढणे हा अर्थ आहे, कारण तेही काम नापिताकडेच असे. कठोपनिषदाने वस्तऱ्याची धार अध्यात्माच्या वाटेला उपमा म्हणून दिली. सेना महाराजांनी आपल्या धंद्यातील आरसा आणि चिमटा यांना विवेक आणि वैराग्य यांचे रूप दिले. वारकरी परंपरेतील सेना न्हावी आणि ज्यांचे पद गुरु ग्रंथ साहिबात आले ते भगत सैण यांचा परस्परसंबंध हा अभ्यासकांच्या चर्चेचा विषय आहे. धारेला उपमेत मान मिळाला; ती धरणाऱ्या हाताला मात्र समाजाने बारा बलुतेदारांच्या उतरंडीत बसविले.

वस्तरा कोणाच्या हाती आणि कोणाच्या मस्तकावर, हा प्रश्न आपल्याकडे कधीच केवळ सफाईचा नव्हता. विधवांच्या केशवपनासाठी तोच वापरला जाई. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनी हे काम करण्यास नकार दिला. वस्तरा खाली ठेवणे हेही धारेचे एक तेज असते, हे त्यांनी दाखविले. उलट बाजूही आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मपर लेखनात साताऱ्याच्या बालपणाची आठवण नोंदविली आहे: गावात न्हावी होते, पैसे देण्याची ऐपत होती; पण अस्पृश्याच्या केसांना हात लावायला कोणी तयार नव्हता. भावंडांचे केस थोरली बहीण कापीत असे. या आठवणीच्या प्रकाशात ते हलके पाते वेगळे दिसू लागते. फ्रान्समध्ये झां-झाक पेरे या कातरी-सुऱ्यांच्या कारागिराने १७६९ साली स्वतःची दाढी स्वतः करण्याची कला शिकविणारे पुस्तक लिहिले. तेथे तो सोयीचा आणि शिष्टाचाराचा विषय होता. येथे, ज्याला न्हावी नाकारत होता त्याच्या दृष्टीने, स्वतःच्या हातातले पाते हा नकाराला दिलेला जबाब होता. वस्तू एकच, दोन समाजांत तिचा अर्थ एक नाही.

न्हाव्याला वजा करण्यासाठी जन्मलेले हे पाते भारतात अखेर न्हाव्याच्याच हाती आले. सलूनमध्ये कारागीर गिऱ्हाइकादेखत नवे पाते वेष्टनातून काढतो, मधोमध मोडतो आणि अर्धे वस्तऱ्याच्या आकाराच्या दांडीत बसवितो. पाते मोडल्याचा तो बारीक आवाज गिऱ्हाइकाला आश्वासन देतो, की ही धार अन्य कोणाच्या रक्ताला लागलेली नाही. १९७१ साली जिलेटने एका डबीत दोन पाती बसवलेला रेझर आणला. १९९८ साली पाती तीन झाली. या डब्या सामान्यतः आपापल्या दांड्यांतच बसतात. दाढी जलद होत असेल. पण ती समान खाच गेली, आणि खाचेबरोबर शेजारच्याशी ताडून पाहण्याची मुभाही आकसली.

वडिलांच्या निधनानंतर घर आवरताना त्या गृहस्थांना आईच्या शिवणाच्या डब्यात कागदात गुंडाळलेली जुनी पाती सापडली. दाढीला निकामी झालेले पाते वडील पुसून तिच्याकडे देत. ती त्याने चुकलेली शिवण उसवी आणि नातवंडांच्या पेन्सिली तासून देई. वहीत अशा पात्यांपुढे ‘संपले’ असा शेरा पडत असे. तो गालाचा निकाल होता. दोऱ्याला आणि लाकडाला त्या धारेचे पाणी अजून पुरत होते.