कोलांट्या घेणारा कोळी

मोरोक्कोत जाऊन रात्री वाळूत कोळी शोधायचा, हे ऐकताच घरच्या मंडळींनी कपाळाला हात लावला! पण अर्ग शेब्बीच्या टेकाडांतला हा कोळी जाळे विणत बसणारा नव्हे. बर्लिनच्या प्रा. रेचेनबर्ग यांना तो येथे सापडला. २०१४ साली येगर यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन करून त्यांचेच नाव त्याला दिले. जिवावर बेतले की हा कोलांट्या घेत, चढावरसुद्धा, सेकंदाला दोन मीटर पळतो. एरवीच्या धावण्याच्या दुप्पट.

वाटाड्याने बॅटरीच्या उजेडात रेशमी धाग्यांनी सांधलेले बीळ दाखवले. काडी उचलून ‘उडवू का?’ असे खुणेनेच विचारले. मोह झालाच. पण दिवसातून पाच-दहा वेळा असे पळावे लागले, तर तो मरतो, असे मी वाचले होते. आमच्याआधी कितीजण येऊन गेले, कोण जाणे! मी मान हलवली. बॅटरी विझवून आम्ही परतलो.