अम्मांच्या बेगमीतला वाटा

केलाँगच्या अम्मांचं माझ्यावरचं ऋण पैशात मोजता येण्यासारखं नाही. बँकेनं माझी बदली हिमाचलच्या लाहौल खोऱ्यात केली, तेव्हा रोहतांगखालचा बोगदा अजून व्हायचा होता. नोव्हेंबरात जवळपास ४,००० मीटर उंचीवरची ती खिंड बर्फानं बंद झाली, की मनालीचा रस्ता थेट वसंतातच उघडायचा. मधल्या काळात आभाळ मोकळं असेल त्या दिवशी भुंतरहून सरकारी हेलिकॉप्टर येई आणि त्यातली जागा आधी आजाऱ्यांना मिळे. मी फलटणचा. थंडी म्हणजे पहाटेची शेकोटी आणि अंगावर घोंगडी, एवढंच मला ठाऊक.

अम्मांच्या घरात वरची खोली मला भाड्यानं मिळाली होती. हिवाळ्याची तयारी त्या घरात भर उन्हाळ्यातच सुरू होई. पालेभाज्या छपरावर वाळत पडत. गुरांसाठी गवत कापून रचलं जाई. बटाटे आणि मुळे जमिनीतल्या खड्ड्यात पुरून वर मातीचा जाड थर देत, म्हणजे गोठत नाहीत. लाकडं फोडून दाराजवळ रचायची, कारण बर्फ पडल्यावर अंगणाच्या टोकापर्यंत जाणंही सोपं नसतं. पीठ, तांदूळ, मीठ, चहा, रॉकेल, काड्यापेट्या, तापाच्या गोळ्या अशी सगळी बेगमी खिंड बंद होण्याआधी घरात यायला हवी. एके संध्याकाळी कोठीत पोती मोजता मोजता अम्मांनी मला विचारलं, "बेटा, तू भात जास्त खातोस की रोटी?" मला वाटलं, सहज विचारताहेत. त्या माझ्या वाट्याचं धान्य धरत होत्या, हे डिसेंबरात कळलं. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या एका वृद्ध जोडप्याची लाकडंही आमच्याच ढिगात होती. मी भाडेकरू होतो, परमुलखातला होतो आणि अम्मांकडे काही मागितलंही नव्हतं. तरी त्यांच्या हिशेबात मी होतो.

बर्फ सुरू झालं की दिवसाचं पहिलं काम छपराचं. तिथली छपरं सपाट, लाकूड-मातीची. साचलेल्या बर्फाचा भार वाढत गेला तर तुळई बसते. म्हणून बर्फ थांबायची वाट न पाहता मधूनमधून ते ओढून टाकायचं, तेही लाकडी फावड्यानं, कारण लोखंडी पात्यानं मातीचा थर उकरला जातो. खाली वाट किंवा गोठ्याचं दार असेल तिकडे बर्फ ढकलायचं नाही. आपलं छप्पर झालं की ज्या घरी हातपाय चालणारं कुणी नाही, तिथलं छप्पर. ते कुणी सांगावं लागत नसे.

घराच्या मधल्या खोलीत लोखंडी तंदूर होता. धूर नळीतून बाहेर जाई आणि सगळं घर त्याच्याभोवती बसे. नळीतली काजळी काढण्याबाबत अम्मा फार कडक होत्या. निजायच्या खोलीत निखारे नेऊ द्यायच्या नाहीत. बंद खोलीतला कोळशाचा वायू दिसत नाही, त्याला वासही नसतो, आणि झोपलेलं माणूस उठत नाही. कितीही गारठा असला तरी खिडकीची एक फट त्या उघडी ठेवायला लावत. ओले मोजे क्षणभरही पायात राहू द्यायच्या नाहीत. पहिल्याच आठवड्यात त्यांनी स्वतः विणलेला लोकरीचा जोड माझ्या हातात ठेवला होता.

हिमस्खलनाबद्दल बोलताना मात्र त्यांचा आवाज बदले. मार्च १९७९ मध्ये लाहौलमध्ये हिमकडे कोसळून दोनशेहून अधिक माणसं गेली. त्या पिढीतल्या कुणालाही त्या महिन्याचं विस्मरण झालेलं नाही. मोठी बर्फवृष्टी थांबून लख्ख ऊन पडलं, की नवख्याला बाहेर पडावंसं वाटतं. अम्मा तेव्हाच मला दारात अडवत. ताजा थर खालच्या जुन्या थरावर अजून बसलेला नसतो, आणि उन्हानं तो सैल होतो. जावंच लागलं तर भल्या पहाटे, बर्फ घट्ट असताना निघायचं. नाळ ओलांडताना एकानं पुढे जायचं, बाकीच्यांनी थांबून त्याच्यावर नजर ठेवायची. सगळे एकदम गेले तर गाडलेल्याला शोधणार कोण?

त्याच हिवाळ्यात मला सणकून ताप आला. वीज गेलेली, बर्फ अखंड पडत होतं, हेलिकॉप्टर यायची शक्यताच नव्हती. अम्मांनी माझं अंथरूण तंदूरच्या खोलीत आणवलं. त्यांच्या मुलानं आणि शेजारच्या दोघांनी रुग्णालयापर्यंतची वाट फावड्यांनी मोकळी केली आणि मला आधार देत नेलं. ज्यांची नावंही मला धड ठाऊक नव्हती, अशी माणसं त्या दिवशी कंबरभर बर्फात उभी होती. घरी परतल्यावर मी आभार मानू लागलो, तर अम्मांनी पुढ्यात गरम थुकपा ठेवला आणि म्हणाल्या, "सर्दी में कोई अकेला नहीं बचता."

३ ऑक्टोबर २०२० रोजी ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा खुला झाला आणि लाहौलचा हिवाळा पालटला. आता रुग्णाला खिंड उघडायची वाट पाहावी लागत नाही, याचा मला मनापासून आनंद आहे. पण बोगद्याच्या अलीकडे-पलीकडे हिमकडे आजही कोसळतात, रस्ता आजही बंद पडतो. तेव्हा कोठीत काय आहे आणि शेजारी कोण आहे, यावरच सगळं ठरतं.

अम्मा आता नाहीत. मी सध्या पोलादपूरला असतो. इथे बर्फ नाही, पण २०२१ च्या जुलैत आंबेनळी घाट दरडींनी कसा बंद झाला, हे सगळ्यांना आठवतं. मे महिना लागला की मी माझ्या घरची यादी करतो आणि ती घेऊन आळीतल्या एकट्या राहणाऱ्या आजींकडे जातो. रक्तदाबाच्या गोळ्या किती उरल्या, तांदूळ किती लागेल, रात्री घर सोडावं लागलं तर त्यांना हात धरून कोण नेईल, हे सगळं पाऊस लागण्याआधी ठरवतो. त्यांनी मला हे करायला सांगितलेलं नाही. मीही अम्मांना कुठे सांगितलं होतं?