कोव्हेन्ट्रीची मोटार

इंग्लंडच्या मध्यभागीं वसलेलें कोव्हेन्ट्री हें शहर प्रेक्षणीय स्थळांच्या यादींत सहसा वर येत नाहीं. परंतु हस्तकौशल्य एका पिढीकडून दुसरीकडे कसें जातें, हें ज्यास पाहावयाचें असेल त्यानें येथें अवश्य यावें. प्रथम येथें रेशमी फिती विणल्या जात. पुढें घड्याळें होऊं लागलीं. तो धंदा बसतांच बारीक काम जाणणारीं तींच बोटें शिवणयंत्रांकडे व सायकलींकडे वळलीं. १८८५ सालीं स्टार्ले यांची 'रोव्हर' सायकल येथेंच जन्मली, आणि पुढच्या दशकांत मोटारींचा धंदाही येथेंच रुजला.

१४ नोव्हेंबर १९४० च्या रात्रीं जर्मन बॉम्बवर्षावांत शहराचा मध्यभाग जळाला. सेंट मायकेलच्या जुन्या प्रार्थनामंदिराच्या उघड्या भिंती तशाच राखल्या असून त्यांस लागून १९६२ सालीं नवें मंदिर उभें राहिलें. त्या भिंतींमध्यें उभे असतां आम्हांस या शहराची आणखी एक गोष्ट आठवली. पुढें जॅग्वार नांवानें प्रसिद्ध झालेल्या कारखान्याचे संस्थापक विल्यम लायन्स व त्यांचे यंत्रज्ञ युद्धकाळांत आगीवर नजर ठेवण्यासाठीं रात्रीं कारखान्यावर पहारा करीत. त्या जागरणांतच त्यांनीं शांततेच्या काळांतील मोटारीसाठीं नव्या इंजिनाचा विचार केला. तें इंजिन १९४८ सालीं लोकांपुढें आलें.

त्याच घराण्याचें इंजिन असलेली 'मार्क टू' मोटार आम्हीं तेथून जवळच असलेल्या गेडन गांवच्या मोटार-संग्रहालयांत पाहिली. १९५९ ते १९६७ या काळांत ब्राउन्स लेनवरील कारखान्यांत अशा सुमारें ८३ हजार मोटारी तयार झाल्या. चारही चाकांस डिस्क ब्रेक, आणि ३.८ लिटर इंजिनाच्या गाडीस ताशीं सुमारें २०० किलोमीटर वेग! त्यामुळें पोलीसही हीच गाडी पसंत करीत आणि त्यांच्यापुढें पळणारे चोरही. आंत मात्र दिवाणखान्याची शोभा. कातडी बैठका, आणि समोरच्या फळीवर अक्रोडाच्या लांकडाचे पातळ पापुद्रे असे बसविलेले कीं, डाव्या बाजूच्या रेषा उजवीकडे आरशांतल्याप्रमाणें उमटाव्या. अशी जुळणी अनुभवी डोळ्यानेंच साधते.

ब्राउन्स लेनवर मोटारी बांधण्याचें काम २००५ सालीं थांबलें. २००८ सालीं टाटा मोटर्सनें अमेरिकेच्या फोर्ड कंपनीकडून जॅग्वार विकत घेतली. कोव्हेन्ट्रीचें हें नामांकित घराणें मुंबईच्या पेढीकडे आलें याचा आम्हांस आनंद झाला, हें आम्ही लपवीत नाहीं. तथापि त्या लांकडी फळीपुढें उभे असतां आनंदांत थोडी काळजीही मिसळली. नांव, नकाशे, यंत्रें हीं पैशानें घेतां येतात. ती जुळणी साधणारा हात खरेदीखतांत कसा लिहावा? पोथी वारसास आपोआप मिळते; संथा मात्र गुरूपुढें बसूनच घ्यावी लागते. कोव्हेन्ट्रीचे धंदे वारंवार बुडाले, पण शिकलेला हात दर वेळीं नव्या कामास लागला, म्हणून तें शहर तगलें.

आपल्या घरचीं मुलें आतां शिक्षणासाठीं विलायतेस जातात. त्यांनीं सवड काढून ही मोटार पाहावी. तिचे दिवे व चाकें तर पाहावींतच. पण क्षणभर त्या फळीवरील रेषांकडेही पाहावें. मग घरीं पत्र लिहितांना एवढेंच विचारावें, कीं आपल्या घरांत असें कोणतें काम कोणास येतें, आणि तें त्यांच्याजवळ बसून सध्यां कोण शिकत आहे?