घोडामैदान

‘घोडामैदान जवळच आहे’ असे एकदा म्हटले की पुढे बोलायला काही उरत नाही. भांडणारे दोघेही गप्प होतात, कारण निकाल त्यांच्या हातून निघून गेलेला असतो. माझे मामा हे वाक्य फार वापरायचे. निवडणूक असो, कुणाचा दहावीचा निकाल असो नाहीतर रविवारची महालक्ष्मीची रेस असो. रेसचे पुस्तक मांडीवर, पेन्सिल कानामागे, आणि त्यांनी खूण केलेल्या घोड्याबद्दल कोणी शंका काढलीच तर शांतपणे म्हणायचे, ‘बघू की गं, घोडामैदान जवळच आहे.’ त्यांना त्या वाक्याचा मोठा आधार होता. मला तो अलीकडे वाटेनासा झाला आहे, आणि का, ते नीट धरता येत नाही.

मामांचे मैदान खरोखरच जवळ असायचे. लोकलने महालक्ष्मी, दुपारी शर्यत, सपाट गवतावर दीड-दोन मिनिटांचा खेळ, संध्याकाळी घरी. मी ज्या शर्यतींच्या नादी लागले आहे त्या हिवाळ्यातल्या, ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या, उड्यांच्या. तिथले मैदान जवळ कधीच नसते. ऑक्टोबरात वेल्समधल्या चेप्स्टोला हंगामाला खरा रंग चढू लागतो. उन्हाळाभर कुरणात चरून पोटे सुटलेले घोडे परत तालमीला लागलेले असतात, आणि चर्चा मात्र चालू असते ती मार्चमधल्या चेल्टनहॅमची. मधे नोव्हेंबरचे हेडॉक आणि न्यूबरी, नाताळच्या दुसऱ्या दिवशीचे केम्प्टन, फेब्रुवारीतले लेपर्ड्सटाउन. हे सगळे ओलांडून लोक थेट चेल्टनहॅमच्या गोल्ड कपवर बोलत असतात. एक गोल्ड कप संपतो आणि पुढच्या वर्षीच्या गोल्ड कपचे भाव लगेच लागलेले असतात. वर्षभर आधी! घोड्याला मधे किती वेळा ताप येईल, पाय सुजेल, मन उडेल, याचा कुणालाच पत्ता नसतो.

वाद तसे मोजक्याच गोष्टींवर असतात. अमुक घोडा तीन मैल टिकेल का. हर्डलवर सुसाट जाणारा घोडा मोठ्या फेन्सवर घालावा का. हर्डल किमान साडेतीन फुटांचे आणि पायाखाली आले तर झुकणारे, फेन्स किमान साडेचार फुटांची आणि घट्ट. आयर्लंडच्या विली मलिन्सना यंदा तरी कोणी अडवणार का. २०२४ मध्ये ते ब्रिटनचे चॅम्पियन ट्रेनर झाले, तेव्हा १९५४ च्या व्हिन्सेंट ओब्रायननंतर पहिल्यांदाच हा मान आयर्लंडला गेला, आणि २०२५ मध्ये त्यांनी तो पुन्हा मिळवला. आणि सगळ्यात जास्त वाद जमिनीवर. तिकडे मैदानाचा प्रमुख सकाळी काठी घेऊन ट्रॅकवर चालत जातो, काठी ठिकठिकाणी रोवतो, ती किती आत जाते आणि तिरकी करताना किती अडते ते पाहतो आणि जाहीर करतो की आज जमीन मऊ आहे, की जड आहे, की बरी आहे. रात्रीतून पाऊस पडला की कालचा सगळा अंदाज वाया. हा माणूस आणि त्याची काठी मला फार आवडतात. तो घोड्यांबद्दल बोलतच नाही, पायाखाली काय आहे तेवढेच सांगतो.

२०२५ च्या मार्चमध्ये काय झाले ते बघा. कॉन्स्टिट्यूशन हिल हा घोडा दहा शर्यती धावला होता आणि दहाही जिंकला होता. आजार काढून परत आला होता. चेल्टनहॅमची चॅम्पियन हर्डल शर्यत त्याचीच, याबद्दल फारसे दुमत नव्हते. तो पाचव्या हर्डलला पडला. मग आधीच्या वर्षीचा विजेता स्टेट मॅन चांगला पुढे निघाला आणि शेवटच्या हर्डलला तोही पडला. जिंकली गोल्डन एस नावाची घोडी, जिचा भाव एकाला पंचवीस होता. त्याच आठवड्यात गोल्ड कपला गॅलोपिन दे शाँ तिसऱ्यांदा जिंकणार म्हणून सगळे बसले होते, आणि त्याला हरवले इनोदवेयुअरथिंकिनने. या घोड्याचे नाव मुळात शर्यतीच्या यादीत नव्हतेच, ऐनवेळी जादा पैसे भरून घातलेले होते. महिनोन्महिने चाललेल्या चर्चेत जो फारसा कुठे नव्हता, तो जिंकला.

मैदानाने निकाल दिला हे खरे. पण कशाचा दिला? गोल्डन एस त्या दिवशी पडली नाही, एवढा. ती कॉन्स्टिट्यूशन हिलपेक्षा चांगली आहे, असे तिच्या तबेल्यातले लोकही म्हणणार नाहीत. ती उगाच जिंकली असेही मला म्हणवत नाही, कारण उड्यांच्या शर्यतीत न पडणे हेच तर कसब आहे. हा विचार मी कितीदा फिरवला तरी तो त्याच जागी येऊन थांबतो.

मला वाटते घोडामैदानाची ही म्हण घोडेबाजारात जन्मली असावी. पुरावा काही नाही, पण सारंगखेड्याला गेल्यापासून माझी ही समजूत पक्की झाली आहे. तापीच्या काठी एकमुखी दत्ताची यात्रा भरते, मार्गशीर्षात, थंडीत, आणि तिच्याबरोबर घोड्यांचा बाजार. तिथे घेणारा माणूस आधी घोड्याचा ओठ वर करून दात बघतो. मग पुढच्या पायावरून गुडघ्यापासून खुरापर्यंत सावकाश हात फिरवतो, सांध्याशी थांबतो, कुठे गरम लागते का पाहतो. मग भोवरे. मानेखाली देवमण आहे का, अशुभ भोवरा कुठे लपलाय का. मी पाहिले त्या व्यवहारात विकणारा म्हातारा भोवऱ्याचे गुण सांगत होता आणि घेणाऱ्याचा मुलगा मान हलवत होता, पटत नव्हते म्हणून. शेवटी म्हाताऱ्याने नातवाला हाक मारली. पोरगा खोगीर न घालताच वर बसला आणि घोडा रेवाल चालीत नेला, स्वाराला हिसका बसत नाही अशी ती चाल. पन्नास-साठ पावलांवर मोकळी जागा होती. घोडा जवळ होता, मैदानही जवळ होते, आणि पाच मिनिटांत सौदा झाला. म्हण इथली असेल तर ती खरी आहे. इथे प्रश्न एकच होता, चाल बरी की नाही, आणि उत्तर डोळ्यांसमोर चालून गेले.

पण उड्यांच्या शर्यतीत प्रश्न एकच नसतो. १९७३ ची एन्ट्री मैदानावरची ग्रँड नॅशनल मी चित्रफितीत इतक्या वेळा पाहिली आहे की आता तिचा शेवट माहीत असूनही मन वेगळ्या शेवटाची वाट पाहते. ३० फेन्स, जवळपास साडेचार मैल. क्रिस्प नावाचा ऑस्ट्रेलियाचा उंच, काळपट घोडा, पाठीवर बारा स्टोन, म्हणजे ७६ किलो. सर्वांत जास्त वजन वाहणाऱ्यांत तो होता, कारण तो सर्वांत चांगल्यांत मानला गेला होता. हँडिकॅप शर्यतीचा नियमच तो, जो भारी त्याच्यावर भार जास्त. आणि हा क्रिस्प पुढे निघाला. दुसऱ्या फेरीत तो घोड्यांच्या वीसेक लांब्यांनी पुढे, एकटा, जणू सरावाला आलाय. फेन्सवरून तो जात नव्हता, तरंगत होता. मागे फक्त रेड रम, त्याच्या पाठीवर २३ पौंड कमी.

शेवटची फेन्स ओलांडल्यावर साडेचारशे मीटरची धाव असते, मधे वळण. तिथे क्रिस्पचे पाय जड झाले. चित्रफितीत ते अगदी नेमके दिसते: मान खाली येते, पाऊल तिरके पडते, जॉकी रिचर्ड पिटमन एकदा चाबूक उचलतो आणि घोडा सरळ जायचे सोडून डावीकडे झुकतो. रेड रम मागून येतोच आहे, येतोच आहे. पाऊण लांबीने क्रिस्प हरला. दोघांनीही आधीचा विक्रम मोडला होता. पिटमन पुढे वर्षानुवर्षे त्या एका चाबकासाठी स्वतःला दोष देत राहिला.

आता मैदानाने काय सांगितले? रेड रम जिंकला. त्याने पुढे १९७४ आणि १९७७ अशी आणखी दोनदा नॅशनल जिंकली, मधली दोन वर्षे दुसरा आला. हा घोडा साउथपोर्टच्या वाळूत तालीम करून घडला, त्याच्या खुराला दुखणे होते आणि समुद्राच्या पाण्याने ते बरे झाले असे त्याचे लोक मानत. एन्ट्रीच्या विजयखांबाशी त्याला पुरले आहे. त्याच्या मोठेपणाबद्दल शंकाच नाही. पण १९७३ च्याच नोव्हेंबरात डॉनकास्टरला दोघे पुन्हा समोर आले, बरोबरीच्या वजनावर, आणि क्रिस्प सहज जिंकला. म्हणजे एका मैदानाने एक सांगितले, दुसऱ्याने दुसरे. मामा असते तर त्यांना विचारले असते की यातले जवळचे मैदान कोणते धरायचे. ते बहुधा म्हणाले असते, ज्याच्यावर पैसे लावलेस ते. पण मी तर पैसे लावतच नाही. मला फक्त जाणून घ्यायचे असते, आणि ते कशासाठी, हेच मला कळेनासे झाले आहे.

या सगळ्यात घोडा कुठे आहे? त्याच्या नजरेपुढे काय असते? कपाळाच्या अगदी पुढचे आणि नाकाखालचे घोड्याला दिसत नाही. डोळे बाजूला, त्यामुळे मागचे-बाजूचे भरपूर दिसते, पण फेन्सच्या अगदी जवळ आल्यावर नेमकी ती त्याच्या नजरेआड जाऊ लागते. शेवटच्या क्षणाची उडी तो आधी पाहिलेल्याच्या भरवशावर मारतो. आणि कित्येक वर्षे ब्रिटनमधल्या फेन्सवर उडीची जागा दाखवायला नारिंगी पट्ट्या होत्या. माणसाला नारिंगी लांबून दिसते. घोड्याला मात्र नारिंगी आणि गवताचा हिरवा यांतला फरक फारसा कळत नाही. एक्सेटर विद्यापीठाच्या लोकांनी घोड्याच्या डोळ्याने काय दिसत असेल ते तपासले आणि २०२२ पासून त्या पट्ट्या पांढऱ्या करायला सुरुवात झाली. हे वाचल्यापासून मी जुन्या शर्यती पाहते तेव्हा नारिंगी पट्टी दिसली की मला त्रास होतो. इतकी वर्षे आपण त्यांना आपल्या डोळ्यांना दिसणारी खूण दाखवत होतो.

खेळ सुधारतो आहे, हे मी नाकारत नाही. २०१२ च्या नॅशनलमध्ये दोन घोडे गेले, त्यांत त्याच वर्षीचा गोल्ड कप जिंकलेला सिंक्रोनाइज्ड होता. पुढच्या वर्षी फेन्सच्या पोटातले कठीण लाकूड काढून लवचीक भरण आले. २०२४ पासून ४० ऐवजी जास्तीत जास्त ३४ घोडे धावतात. हिवाळ्यात दुपारचा सूर्य खाली उतरून थेट डोळ्यांत येतो, तेव्हा सरळ भागातली हर्डल किंवा फेन्स काढून टाकतात आणि घोडे नुसते पळत जातात. यावर तिकडे दरवर्षी कुरकुर होते, की उड्याच काढल्या तर शर्यत कसली? आणि मला हे कबूल करायला जड जाते की ती कुरकुर मला समजते. उडी काढली की जो घोडा उडीत भारी आहे त्याचे सगळे कसब निरुपयोगी होते. तरीही उड्यांच्या शर्यतींत हजार धावांमागे साधारण चार घोडे जिवाला मुकतात. मैदानात पडलेल्या घोड्याभोवती पडदा उभा राहिला की मी आवाज बंद करते.

आपल्याकडे बैलगाडा शर्यतींवर हाच वाद किती वर्षे चालला. २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, २०२१ च्या डिसेंबरात परवानगी मिळाली, २०२३ च्या मेमध्ये घटनापीठाने कायदाच ग्राह्य धरला. घाटात बैलांना लेकरासारखे जपणारी माणसे मी पाहिली आहेत आणि शेपटी पिरगळणारीही. दोन्ही खरी. चेल्टनहॅमलाही तेच असणार: घोडा आजारी पडला की तबेल्यात रात्र काढणारा मुलगा आणि त्याच घोड्याला जड जमिनीवर २२ फेन्सवर सोडणारे घर. ही माणसे एकच असतात, एवढे मला समजते. पुढचे समजत नाही.

कॉन्स्टिट्यूशन हिल २०२५ च्या त्या मार्चनंतर एन्ट्रीलाही पडला. पुढच्या हिवाळ्यात त्याला पुन्हा हर्डलवर आणावे का, यावर जोरात वाद झाला. एक बाजू म्हणत होती, त्याने जे दाखवायचे ते दाखवून झाले, त्याला कुरणात सोडा. दुसरी म्हणत होती, उडी हा त्याचा आनंद आहे, दोनदा पडला म्हणून तो काढून घेणार का. घोड्याचा आनंद त्याला कोणी विचारला, हे दोन्ही बाजूंनी सांगितलेले नाही. तो धावावा असे मला वाटत होते, कारण तो वाऱ्यासारखा उडी मारतो आणि तसा घोडा क्वचित येतो. तो धावू नये असेही वाटत होते. समजा तो धावला आणि पडला नाही, तर त्याला आणायला हवे होते असे सिद्ध झाले का? आणि पडला तर?